दोराचं दुसरं टोक

१

हिवाळा लागून पहिला बर्फ पडला की डोंगराची धार गाठायची, हा चष्मेवाल्याचा आणि त्याच्या मेहुण्याचा जुना परिपाठ होता. चष्मेवाला शहरात भिंगं घासून लोकांना डोळे द्यायचा, मेहुणा डोंगराच्या पायथ्याशी सुतारकाम करायचा. वर्षभर दोघांची फारशी गाठ पडायची नाही, पण या एका दिवसासाठी चष्मेवाला दुकानाला कुलूप लावून बायको-मुलीसकट इथं हजर व्हायचा. माहेरपणाला मी येते की तुम्ही, असं बायको दरवर्षी विचारायची.

यंदा मेहुण्यानं घात केला. माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडला आणि मनगट प्लॅस्टरमध्ये घालून बसला. इतकी वर्षं कड्यांवर न पडलेला माणूस स्वयंपाकघरात पडला, याची लाज त्याला दुखण्यापेक्षा जास्त होती.

"दाजी, यंदा राहू द्या," तो म्हणाला. "डोंगर कुठं पळून जात नाही."

"डोंगर नाही पळत. माझे गुडघे पळायला लागलेत," चष्मेवाला म्हणाला. एक वर्ष सोडलं की ते कायमचं सुटेल, अशी त्याला मनातून धास्ती होती. ती त्यानं कुणाला सांगितली नाही.

त्या धारेचा मधला टप्पा फार वाईट. दोन पाय शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत इतकी अरुंद, दोन्ही अंगांना सरळ तुटलेला कातळ, आणि दोर अडकवावा असा एक सुळकाही नाही. तिथं दोघं एकाच दोराला बांधून घेत आणि एकच नियम पाळत. एकजण डावीकडे घसरला, तर दुसऱ्यानं उजवीकडे उडी टाकायची. दोर धारेवर अडकतो, दोघं दोन बाजूंना लोंबकळतात आणि वाचतात. मग एकाच वेगानं, दोघांनी मिळून वर चढायचं. जो आधी वर पोचेल त्यानं दुसऱ्याचा हात धरून त्याला ओढून घ्यायचं. विचार करायला वेळ नसतो, म्हणून ही उडी अंगात मुरावी लागते. सुताराच्या शेडच्या उतरत्या छपरावर दोघांनी तिचा सराव केला होता. खाली जुन्या गाद्या टाकायच्या आणि आळीपाळीनं घसरायचं. मेहुणा वजनानं दांडगा, त्यामुळे दर वेळी तो खाली जायचा आणि चष्मेवाला वर ओढला जायचा. चष्मेवाल्याची मुलगी, जिला सगळे ठकी म्हणत, हसून हसून जमिनीवर लोळायची.

बायकोला हे सगळं अजिबात आवडायचं नाही. पण तिनं कधी अडवलं नाही, फक्त एक अट घातली होती. ज्याला दोराला बांधलं, त्याला घरी आणायचं. एकट्यानं परत यायचं नाही.

"यंदा स्वतःलाच बांधून नेताय," सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली. "निदान स्वतःला तरी घेऊन या."

२

ऊन कोवळं होतं तोवर चष्मेवाला धारेवर चढला. खडकांवर पिठाची चाळण झटकावी तेवढाच बर्फ होता. वारा नव्हता. खाली मेहुण्याचं घर दिसत होतं, शेडचं लाल छप्पर आणि मागची खिडकी. त्या खिडकीत मेहुणा दुर्बीण घेऊन बसला असणार, आणि ठकी मला दे, मला दे करत असणार, हे त्याला न बघताही ठाऊक होतं. दुर्बीण त्यानंच मेहुण्याला दिलेली होती.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक भिंत उतरायची असते. त्यानं वरच्या खडकाला दोराचा वळसा घातला, उतरला, आणि एक टोक ओढून दोर खाली घेतला. या भिंतीवरून एकट्याला परत वर चढता येत नाही. एकदा उतरलं की पुढंच जायचं, धारेच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथून मागच्या सोप्या वाटेनं घरी.

दोर गुंडाळून पाठीवर टाकायला हवा होता. पण बोटं बधिर झाली होती आणि त्याला कंटाळा आला. त्यानं एक टोक कमरेला बांधलं आणि बाकीचा दोर तसाच मागं ओढत निघाला. मेहुणा बघत असेल तर आता शिव्या घालत असेल, असं वाटून त्याला गंमत वाटली. ओढत नेलेला दोर दर दहा पावलांवर कुठल्यातरी फटीत अडकतो आणि मग मागं जाऊन सोडवावा लागतो. आळशाला दुप्पट काम.

तसा तो अडकलाच. चष्मेवाल्यानं हिसडा दिला, दोर हलला नाही. तो चरफडत मागं वळणार, तेवढ्यात दोर आपोआप सुटला. बरं झालं, म्हणून तो पुढं चालू लागला.

थोड्या वेळानं पुन्हा अडकला, आणि पुन्हा सुटला. या वेळी दोराला आधी एक हलकीशी लाट आल्यासारखं वाटलं. मागचा माणूस मनगटानं झटका देऊन दोर खडकावरून उडवतो, तशी.

मग तो अडकायचाच थांबला. चष्मेवाला बराच पुढं आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की मघापासून काहीतरी कमी आहे. दोर ओला होता, जड होता, खडकावर खरखरत यायला हवा होता. ती खरखर बंद झाली होती.

३

फोन वाजला.

"दाजी, झकास चाललाय!" मेहुणा ओरडून बोलत होता. डोंगरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं अशी त्याची समजूत होती. "पण मागचा कोण?"

"कोण मागचा?"

"अहो, तुमच्या दोराला बांधलाय तो. वाटेत भेटला का? चालायला चांगला आहे हो. दोर बघा कसा उचलून धरलाय. मीसुद्धा इतका नीट धरत नाही."

चष्मेवाला हसला. धंद्यातलं दुखणं होतं हे. "ठकीनं दुर्बीण पाडली असणार. नळ्या सरकल्या की एकाचे दोन दिसतात. एक डोळा मीट आणि बघ."

पलीकडे खुडबूड झाली. ठकीचा आवाज आला, मी नाही पाडली मामा, आईशप्पथ.

"मिटला," मेहुणा म्हणाला.

"आता?"

"दोघंच आहात की."

"बरं, आता दुसरा मीट."

"दाजी, सकाळी सकाळी माझी फिरकी घेताय का? तो हात करतोय मला."

चष्मेवाला काही बोलणार तोच फोनच्या बॅटरीनं थंडीपुढे मान टाकली. त्यानं दोनदा बटण दाबून बघितलं आणि फोन खिशात ठेवला. मग तो मागं वळला.

मागं त्याचीच पावलं होती, एकट्याची. दोर त्याच्या कमरेपासून निघून मागच्या मोठ्या खडकापर्यंत जात होता आणि खडकाआड दिसेनासा होत होता. फक्त तो जमिनीला कुठंच टेकलेला नव्हता. कमरेच्या उंचीवर, थोडा ढिला, हवेतून गेला होता.

४

ओला दोर गोठला की काठीसारखा ताठ होतो. हे कुठल्याही डोंगरवेड्याला विचारा, तो सांगेल. चष्मेवाल्यानं ते स्वतःला सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, आणि ते ऐकून त्याला जरा बरं वाटलं. मेहुण्याला दोन माणसं दिसली ती दुर्बिणीमुळे. एक डोळा मिटूनही दिसली, कारण गाढवाला डोळा नीट मिटता येत नाही. हात केला म्हणाला, ते ठकीला हसवायला.

खडकापर्यंत मागं जाऊन बघितलं असतं तर प्रश्नच मिटला असता. तेवढं त्याच्यानं झालं नाही.

दोर सोडून द्यावा म्हणून त्यानं कमरेची गाठ चाचपली. बर्फ धरून ती दगडासारखी झाली होती. बोटांनी सुटेना, दातांनी सुटेना. पिशवीत चाकू होता. पण चांगला दोर कापून टाकायचा, आणि कशासाठी? घरी काय सांगणार, घाबरलो म्हणून? इतक्या वर्षांत त्या घरात मिळवलेली अब्रू एका दिवसात जाणार. तो तिथंच उभा राहून दोराकडे बघत राहिला, आणि मग त्यानं नको ते केलं. दोर हातात घेऊन दोन हलके हिसके दिले.

दोन हिसके म्हणजे, मी तयार आहे, तू आहेस का. दोघांची ती खूण होती.

दोर स्थिर राहिला. चष्मेवाल्यानं श्वास सोडला. आणि मग, माणूस हातातलं काम आवरून उत्तर देतो तितक्याच उशिरानं, दोन हलके हिसके परत आले.

तो वळला आणि चालू लागला. पळता येत नव्हतं, धार अरुंद होत चालली होती. खालून ढग वर येत होता. आधी लाल छप्पर गेलं, मग झाडी, मग दोन्हीकडची दरी. उरला तो पायाखालचा वीतभर कातळ आणि पाठीमागचा, मुळीच आवाज न करणारा दोर. आपल्याला भीती वाटते आहे हे त्यानं आता कबूल केलं. घरी जायचं होतं त्याला. खिडकीतल्या उबेला बसून ठकीची बडबड ऐकायची होती, बस्स, आणखी काही नको होतं.

५

मधल्या टप्प्यावर तो अर्ध्यात पोचला असेल. मागं दगड घरंगळले. बुटाचा तळवा कातळावरून सरकतो तो आवाज आला आणि दोर सणसणत डावीकडे गेला.

चष्मेवाल्यानं उजवीकडे उडी टाकली.

विचार त्याला नंतर सुचला, दोराला लोंबकळताना. छातीत श्वास अडकला होता, गुडघा फुटला होता, आणि पायाखाली पांढऱ्या ढगाशिवाय काही नव्हतं. एकट्यानं आलेला माणूस कुणाला वाचवायला उडी मारतो? छपरावरच्या त्या सरावानं, ठकीच्या त्या हसण्यानं, त्याला धारेवरून खाली टाकलं होतं. मग त्याहून वाईट गोष्ट त्याच्या ध्यानात आली. आपण पडलो नाही. दोरानं पेललंय. म्हणजे पलीकडे वजन आहे.

दोराचं टोक फटीत अडकलं असेल, त्याच्या शहाण्या मनानं सांगितलं. पण दोर मंद मंद झुलत होता. आणि तो धरून होता तो अगदी तोलून. मेहुणा असता तर चष्मेवाला वर ओढला गेला असता. इथं तो ना वर जात होता, ना खाली. पलीकडे जे काही होतं, त्याचं वजन बरोबर त्याच्याइतकं होतं.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

दोराला दोन हिसके बसले. मी तयार आहे.

चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं कातळात बोटं रोवली आणि एक पाऊल वर सरकला. पलीकडेही कातळावर बूट घासल्याचा आवाज झाला. तो थांबला, पलीकडचा आवाजही थांबला. हात दोन हात कातळाची भिंत मध्ये, आणि दोन्ही अंगांनी दोघं एकाच वेगानं वर येत होते, अगदी नियमाप्रमाणं. चष्मेवाला चढता चढता रडत होता. हळू चढावं तर हातातलं बळ संपत होतं, भरभर चढावं तर वर कोण भेटेल ते लवकर भेटणार होतं.

तो आधी वर पोचला. धारेवर घोड्यावर बसतात तसा दोन्हीकडे पाय टाकून बसला. तेव्हा डाव्या अंगानं एक हात वर आला आणि कातळावर उताणा विसावला. पंजा उघडा. धर, म्हणून.

हातात मोजा नव्हता. इतक्या थंडीत तो लालही झाला नव्हता. भुरभुर बर्फ त्या बोटांवर पडत होता आणि वितळत नव्हता.

छपरावर चष्मेवाल्यानं मेहुण्याचा हात असा किती वेळा धरला होता. त्याचा स्वतःचा हात अर्धा पुढं झालासुद्धा. मग त्यानं तो मागं घेतला, पिशवीतून चाकू काढला आणि कमरेपाशी दोर कापला.

पडल्याचा आवाज आला नाही. हात तसाच होता. थोड्या वेळानं तो पालथा झाला, हळूहळू मागं सरकला आणि कडेच्या खाली गेला. ढग केव्हा फाटला ते त्याला कळलंच नव्हतं. खाली, लांब, उन्हात, लाल छप्पर आणि मागची खिडकी लख्ख दिसत होती.

६

मागच्या वाटेनं तो घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. मेहुणा फाटकातच उभा होता. बूट घातलेले, गळ्यात प्लॅस्टरचा हात, खांद्यावर स्वतःचा दोर. शेजारचा गवंडी आणि त्याचा भाऊ कंदील, ब्लँकेटं घेऊन तयार होते.

"बसा तुम्ही," मेहुणा म्हणाला. चष्मेवाल्याच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला. "मागच्या वाटेनं जातो आम्ही. तेवढं जमेल मला एका हातानं."

"कुठं?"

"त्याला आणायला."

"अरे, तिथं कुणी नव्हतं. ऐक माझं. तिथं माणूस नव्हता."

"मग कापलात कुणाला?"

मेहुण्याचा आवाज कापत होता. "मी बघितलं, दाजी. ढग बाजूला झाला तेव्हा सगळं बघितलं. वर येत होता बिचारा. हात दिला होता त्यानं. तुम्ही घसरला असाल म्हणून त्यानं उडी टाकली असेल पलीकडे, वाचवलं असेल तुम्हाला, आणि तुम्ही..." त्यानं खांद्यावरचा दोर सावरला. "तो अजून कड्याला लटकून आहे तिथं. कापलेलं टोक हातात धरून. मी दुर्बिणीतून बघितलंय."

"जाऊ नकोस. पाया पडतो तुझ्या."

पण मेहुणा त्या दोघांना घेऊन निघालाही होता.

दारात बायको उभी होती. नवरा जिवंत परत आला म्हणून तिनं त्याचा चेहरा हातात घेतला. मग तिची नजर त्याच्या कमरेशी गेली, तिथं लोंबणाऱ्या वीतभर दोराकडे. तिनं हात काढून घेतले.

"माझी एकच अट होती," ती म्हणाली.

त्यानं तिला सगळं सांगितलं. दोराची खरखर, दोन हिसके, न वितळणारा बर्फ. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. आजाऱ्याचं ऐकावं तसं ऐकलं, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. येणारा माणूस गारठलेला असेल, ती म्हणाली.

७

ऊन उतरायला लागलं तेव्हा घरातला फोन वाजला.

"मिळाला, दाजी!" मेहुण्याच्या आवाजातला राग गेला होता, नुसता आनंद होता. "खरचटलंसुद्धा नाही बघा त्याला. देवच पावला म्हणायचा. धारेच्या टोकाला आमची वाटच बघत बसला होता."

"दिसतो कसा?"

"कसा म्हणजे? माणसासारखा. फारसा बोलत नाही. तुमच्यावर राग नाही म्हणाला. फक्त बांधून घ्या म्हणाला, म्हणून घेतलाय माझ्या दोराला."

"सोड त्याला!" चष्मेवाला ओरडला. "गाठ सोड आधी, ऐकतोयस का? अरे..."

"ताईला सांगा, घरी आणतोय," मेहुणा म्हणाला आणि फोन ठेवला.

चष्मेवाला खिडकीकडे धावला. ठकीच्या हातातून दुर्बीण घेतली आणि मागच्या वाटेवर लावली. वाट झाडीतून बाहेर येऊन कुंपणाच्या कडेनं उतरत होती. सगळ्यांत पुढं गवंडी आला. मग त्याचा भाऊ. मग गळ्यातला हात सावरत मेहुणा, कमरेला दोर. दोर त्याच्या मागं हवेतून जात होता, थोडा ढिला, फार नीट धरलेला. आणि दोराच्या टोकाला चौथा.

त्यानं नळ्या फिरवून बघितल्या. दुर्बीण अगदी जुळलेली होती, त्यानंच जुळवली होती. त्यानं एक डोळा मिटला. चौघंच होते. उघडून दुसरा मिटला. तरी चौघं. चौथ्यानं मान वर करून खिडकीकडे बघितलं आणि हात हलवला. ठकीनंही इकडून हात हलवला.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांना तुमच्यासारखंच चालता येतं."

मग चष्मेवाल्यानं दोन्ही डोळे मिटून घेतले. फाटकाची कडी वाजली. अंगणात बूट झाडल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन, आणि चौथ्याचा आला नाही. दार उघडलं, बाहेरचा गारठा आत आला आणि पाठोपाठ बायकोचा आवाज आला, हळवा, मायेचा. त्याच्याशी ती आज असं बोलली नव्हती.

"या, आत या. लाजू नका, आपलंच घर समजा. अगं बाई, हात केवढे गार पडलेत तुमचे!"